हुंकाऱ्याची कादंबरी

घरोघरी रात्री गोष्टी सांगितल्या जात त्या काळी सांगणाऱ्याची एक अट असे: ऐकणाऱ्याने मधूनमधून हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की गोष्टही थांबे. या 'हूं'मुळे कथानकात काडीचाही फरक पडत नसे. आवडती राणी आवडतीच राही, नावडती नावडतीच, आणि राक्षसाचा प्राण पोपटातच असे. तरीही हुंकाऱ्यावाचून गोष्ट पुढे सरकत नसे; कारण गोष्ट दोघांची असते आणि ऐकणारा जागा आहे, एवढे तरी सांगणाऱ्याला कळावे लागते.

'व्हिज्युअल नॉव्हेल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आणि आपण येथे सोयीसाठी 'दृश्य-कादंबरी' म्हणू अशा कथाप्रकाराचा विचार करताना मला हा हुंकारा आठवतो. संगणकाच्या पडद्यावर एक स्थिर चित्र असते: बहुधा एखादी जागा आणि तिच्यापुढे बोलणाऱ्या पात्राची आकृती. खाली मजकुराची चौकट. पार्श्वभूमीला संगीत, कधी पावसाचा आवाज, कधी पात्राचा स्वर. वाचकाने कळ दाबली की एक वाक्य उमटते. पुन्हा दाबली की पुढचे. काही ठिकाणी दोन-तीन पर्याय समोर येतात आणि वाचक निवडेल तशी कथा वळते. बाह्य रूप एवढेच. हा प्रकार खेळांच्या दुकानात विकला जातो म्हणून साहित्याच्या वर्गात त्याचे नाव निघत नाही. आणि त्यात वाचनच फार म्हणून खेळणारेही पुष्कळदा त्याला नाके मुरडतात. असा तो दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना या प्रकारातील चार कृती वाचायला सुचवाव्यात, हा या लेखाचा हेतू. चारही लहान आहेत, चारहींत पात्रे मोजकी आहेत आणि चारहींचे मुख्य बळ त्यांच्या लेखनात आहे. परंतु नुसती यादी देऊन थांबणे मला पुरेसे वाटत नाही. या कृती शेजारी शेजारी ठेवल्या की दृश्य-कादंबरीविषयीचा एक रूढ समज डळमळू लागतो. म्हणून आधी त्या समजाविषयी.

तो समज असा, की या प्रकाराचे मर्म वाचकाला मिळणाऱ्या निवडीत आहे. त्याला इतिहासाचा आधार आहे. १९८३ साली जपानमध्ये युजी होरी यांच्या 'पोर्टोपिया' या खूनप्रकरणाच्या खेळात खेळणारा तपास-अधिकारी होता आणि पुढे काय करायचे ते त्यानेच सांगायचे होते. १९९२ मध्ये चुनसॉफ्ट या कंपनीने 'ओतोगिरिसो' प्रसिद्ध केली आणि या धर्तीच्या रचनांना 'ध्वनि-कादंबरी' असे नाव दिले. तिच्यामागून १९९४ मध्ये आलेली 'कामाइताची नो योरु' ही ताकेमारु आबिको या रहस्यकथालेखकाने लिहिली होती. बर्फाने वेढलेले एक पर्यटक-निवास, त्यात अडकलेली माणसे, पडद्यावर त्यांच्या केवळ निळसर छायाकृती. वाचकाचे पर्याय चुकत गेले तर खुनांची मालिका लांबत जाते. त्याच सुमारास पाश्चात्त्य समीक्षेत 'हायपरटेक्स्ट' कादंबरीची चर्चा रंगली होती आणि वाचक हाच आता सहलेखक झाला, असे उत्साहाने म्हटले जात होते. १९९७ मध्ये एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात, ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला खरेखुरे श्रम करावे लागतात तिला 'अर्गोडिक' म्हटले. डोळे फिरवणे आणि पाने उलटणे हे श्रम त्यांनी त्यात धरले नाहीत.

आर्सेथ यांची मांडणी शिस्तशीर आहे. तथापि, केवळ कळ दाबत वाचायची कादंबरी तिच्या हिशेबाने छापील पुस्तकाच्याच रांगेत जाऊन बसते, आणि ते मला मान्य नाही. छापील पान आपण उघडतो तेव्हा परिच्छेदाचा शेवट आधीच समोर असतो. पानाच्या तळाशी मृत्यूचे वाक्य असेल तर डोळ्यांच्या कडेला ते चाहूल देऊन जाते. दृश्य-कादंबरीत पुढचे वाक्य समोर नसतेच. लेखकाने ते कुठे तोडायचे हे ठरवलेले असते, आणि ते पुढे आणायचे की नाही हे वाचकाचा हात ठरवतो. कवितेच्या अभ्यासकाला ओळ जिथे तुटते त्या जागेचे मोल सांगायला नको. गद्याच्या वाट्याला ही सोय फारशी आलेली नव्हती. येथे ती आली आहे, आणि तिच्यासोबत एक जबाबदारीही आली आहे: वाईट बातमीचे वाक्य आपणच कळ दाबून आणलेले असते. कथानक बदलत नाही, पण त्याला आपली संमती मागितली जाते. हाच तो हुंकारा.

हुंकाऱ्याला दोघेच पुरतात. किंबहुना दोघेच असावे लागतात. पात्रांची गर्दी झाली की कळ ही पान उलटण्याची निव्वळ सोय होऊन बसते, कारण वाचक कुणा एकाला उत्तरदायी राहत नाही. समोर एकच बोलणारे माणूस असले की प्रत्येक दाबाला 'बोला, मी ऐकतो आहे' असा अर्थ येतो. मोजक्या पात्रांमागे साधे अर्थकारणही आहे. प्रत्येक पात्र म्हणजे वेगळी चित्रे, वेगळे हावभाव, आवाज द्यायचा तर वेगळा कलावंत. हौशी किंवा छोट्या निर्मात्यांना ते परवडत नाही. आपल्याकडील एकांकिकेनेही अशाच अडचणीतून आपली ताकद शोधली, हे स्पर्धांच्या रंगमंचावर वाढलेल्या कुणालाही पटेल.

पहिली कृती 'प्लॅनेटेरियन'. २००४ साली 'की' या जपानी निर्मितीगृहाने ती प्रसिद्ध केली. लेखन युइची सुझुमोतो यांचे. युद्धाने निर्मनुष्य झालेल्या एका शहरात तीस वर्षांनंतर भंगार वेचणारा एक माणूस शिरतो. पाऊस थांबत नाही, आणि रस्त्यांवर माणसांविना चालणारी युद्धयंत्रे अजून पहारा देत आहेत. जीव वाचवण्यासाठी तो एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत आसरा घेतो. तिच्या माथ्यावर तारांगण आहे, आणि तेथे युमेमी नावाची एक यांत्रिक परिचारिका ग्राहकांची वाट पाहत आहे. शहर रिकामे झाले आहे हे तिच्या गावीही नाही. आलेला माणूस पंचवीस लाखावा ग्राहक आहे असे सांगून ती त्याला पुष्पगुच्छ देते. फुले नाहीत, म्हणून तो मोडक्यातोडक्या वस्तूंचा बांधलेला असतो.

जवळजवळ सारी कृती या दोघांच्या संवादाची आहे. युमेमी अखंड बोलते, अदबीने बोलते. तो तुसडेपणाने उत्तरे देतो आणि हळूहळू तिच्या बंद पडलेल्या प्रक्षेपकाच्या दुरुस्तीला लागतो. वाचकाला निवडीची एकही जागा नाही. निर्मात्यांनी या रचनेला 'कायनेटिक नॉव्हेल' असे वेगळे नावच दिले होते. अखेर तारांगणातला खेळ सुरू होतो आणि मध्येच वीज संपते. तारे विझतात. तेव्हा तो तिला बोलत राहायला सांगतो, आणि ती अंधारात ताऱ्यांचे वर्णन पुढे चालू ठेवते. चित्रांच्या आधाराने उभ्या असलेल्या कथाप्रकाराने आपल्या उत्कर्षबिंदूवर चित्र बाजूला सारून शब्दावर भरवसा टाकावा, ही गोष्ट साहित्याच्या माणसाला सुखावणारी तर आहेच. पण त्या प्रसंगी ऐकणारा तो आणि कळ दाबणारे आपण यांच्यात अंतर उरत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. यंत्राचा गैरसमज त्याला दूर करता येत नाही, आपल्यालाही नाही. ऐकत राहणे एवढेच हाती असते.

दुसरी कृती 'नार्सिसु', २००५ ची. तोमो काताओका यांनी लिहिली आणि स्टेज-नाना या त्यांच्या मंडळाने ती विनामूल्य वाटली. एका रुग्णालयाचा सातवा मजला हा बरे न होणाऱ्यांसाठी आहे. तेथे विशीतला एक तरुण दाखल होतो. त्याला नाव दिलेले नाही. तेथेच त्याला सेत्सुमी भेटते. ती बावीस वर्षांची, मितभाषी, आणि रुग्णालयांची त्याच्याहून फार जुनी रहिवासी. सातव्या मजल्यावर मरायचे की घरी, एवढाच प्रश्न या रुग्णांपुढे उरलेला असतो. हे दोघे दोन्ही पर्याय नाकारतात, तरुणाच्या वडिलांची गाडी घेतात आणि आवाजी बेटाच्या दिशेने निघतात, जेथे नर्गिसाची फुले फुलतात.

येथेही वाचकाला काही निवडता येत नाही; निवड पात्रांनी केली आहे आणि आपण मागच्या आसनावर बसलेलो आहोत. लेखकाने चित्रेही जवळजवळ काढून घेतली आहेत. पडद्याच्या काळ्या पृष्ठभागावर एक अरुंद पट्टी, तिच्यात आकाश, रस्ता, समुद्र. सेत्सुमीचा चेहरा क्वचितच दिसतो. वाक्ये आखूड, पुष्कळशी पेट्रोल, पैसे, रस्त्यांची वळणे, रात्री थांबायचे कुठे यांविषयी. मरणाविषयी बोलणे टाळण्यासाठी माणसे जे जे बोलतात ते सारे येथे आहे. हे टाळणे लेखकाने इतक्या संयमाने हाताळले आहे, की प्रवासाच्या अखेरीस एखादे साधे वाक्य पुढे आणतानाही बोट कळेवर थबकते. त्या थबकण्याला मी वाचन म्हणतो.

तिसऱ्या कृतीसाठी जपान सोडून कॅनडात यावे लागेल. ख्रिस्टीन लव्ह या लेखिकेने २०१० मध्ये 'डिजिटल: अ लव्ह स्टोरी' विनामूल्य प्रसिद्ध केली. काळ १९८८ चा कल्पिलेला आहे. पडद्यावर त्या काळच्या घरगुती संगणकाची निळी चौकट असते. पात्राचे एकही चित्र नाही. मोडेमवरून क्रमांक फिरवायचा, त्याचा तो किरकिराट ऐकायचा, आणि जोडणी झाली की 'बुलेटिन बोर्ड' नावाच्या सार्वजनिक फलकावर अनोळखी माणसांनी लिहिलेले मजकूर वाचायचे. दूरच्या क्रमांकांना पैसे पडतात म्हणून चोरीचे संकेतांकही वापरावे लागतात. या खटाटोपात एमिलिया नावाच्या व्यक्तीशी ओळख होते, आणि पत्रांमागून पत्रे येऊ लागतात.

लेखिकेची खरी करामत एका वगळण्यात आहे. आलेल्या पत्राला वाचक उत्तर देतो, म्हणजे 'उत्तर द्या' ही कळ दाबतो. पण त्या उत्तरात काय लिहिले होते ते त्याला कधीच दाखवले जात नाही. पुढचे पत्र आले की त्यावरून आपण काय म्हटले असेल याचा अंदाज बांधायचा. पत्रव्यवहाराच्या कादंबरीची परंपरा आपल्याला ठाऊक आहे, आणि एकाच बाजूची पत्रे छापून दुसरी बाजू सुचवण्याची युक्तीही जुनी आहे. येथे मात्र गायब झालेली बाजू वाचकाची स्वतःची आहे. आपल्याच नावाने लिहिल्या गेलेल्या प्रेमपत्राचा मजकूर आपल्याला माहीत नाही आणि त्याची फळे मात्र आपल्याला भोगायची आहेत. मला या संपूर्ण प्रकारात हुंकाऱ्याचा याहून शुद्ध उपयोग आढळलेला नाही: 'हूं' एवढेच आपण म्हणालो, आणि समोरच्या व्यक्तीने त्यातून एक अख्खे माणूस ऐकले.

चौथी कृती 'एलायझा', २०१९ ची. निर्मिती झॅकट्रॉनिक्सची आणि लेखन मॅथ्यू सेइजी बर्न्स यांचे. स्थळ अमेरिकेतील सिॲटल. एव्हलिन ही एकेकाळची निष्णात संगणक-अभियंता, तीन वर्षे सर्वांपासून तुटून राहिल्यानंतर एका समुपदेशन-केंद्रात साध्या नोकरीला लागते. तेथे सल्ला देतो तो 'एलायझा' नावाचा संगणकीय कार्यक्रम. माणसाने फक्त समोर बसायचे आणि चष्म्यात उमटणारी वाक्ये मोठ्याने वाचायची. हा कार्यक्रम घडवण्यात एव्हलिनचाच हात होता. नाव अर्थातच जोसेफ वायझनबॉम यांच्या १९६६ मधील 'एलायझा'वरून घेतलेले आहे. समोरच्याचेच बोलणे प्रश्नाच्या रूपात परत करणाऱ्या त्या साध्या यंत्रणेपुढे माणसे मन मोकळे करू लागली, हे पाहून वायझनबॉम स्वतःच अस्वस्थ झाले होते, आणि १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती अस्वस्थता सविस्तर मांडली.

कादंबरीतील कंपनीचे नाव 'स्कंध' आहे. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांपलीकडे 'मी' नावाची वेगळी वस्तू नाही, हा बौद्ध विचार ज्यांना परिचित आहे त्यांना या नावातला उपरोध लगेच जाणवेल. माणूस म्हणजे नोंदींचा एक ढीग, असे ही कंपनी धरून चालते. बुद्धाने सांगितलेल्या मुक्तीचा मात्र तिला पत्ता नाही.

समुपदेशनाच्या प्रसंगी वाचकापुढे पर्यायांची चौकट येते आणि तिच्यात पर्याय एकच असतो. समोर एक माणूस आपल्या आयुष्याची दैना सांगत आहे, आपल्याला त्याला काही निराळे म्हणावेसे वाटते, आणि पडद्यावर फक्त यंत्राने दिलेले गुळगुळीत वाक्य आहे. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक बैठकीचा समारोप श्वासाचे व्यायाम आणि औषधे सुचवून होतो. इतर वेळी, म्हणजे एव्हलिन जुन्या सहकाऱ्यांना भेटते तेव्हा, वाचकाला खरे पर्याय मिळतात. आणि कामाच्या ठिकाणचे पर्यायही अखेरीच्या भागात मोकळे होतात. तोपर्यंत आपण इतक्या वेळा निमूटपणे दिलेली वाक्ये वाचलेली असतात, की ठरलेली संहिता सोडून बोलण्याची मुभा मिळते तेव्हा आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटते. आपल्याला खरेच काही सांगायचे होते का? सांगितले तर त्या माणसाचे भले होईल का? कादंबरी याचे सोपे उत्तर देत नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि संगणकापाशी मन मोकळे करणे ही सर्वसाधारण गोष्ट होऊन गेली. त्याच्या तीन वर्षे आधी लिहिलेली ही कृती आज वाचताना भविष्यकथा वाटत नाही, दैनंदिनी वाटते.

आता या चौघींना एकत्र पाहू. पहिल्या दोहोंत निवड नाही, तिसरीत आपले बोलणे आपल्याला दिसत नाही, चौथीत ते दुसऱ्याने लिहून दिलेले आहे. ज्या प्रकाराची ख्याती वाचकाला मिळणाऱ्या स्वातंत्र्यावर उभी आहे, त्याच्या उत्तम लहान कृतींनी ते स्वातंत्र्य मुद्दाम आवरून धरले आहे. हे योगायोगाने घडलेले नसावे. समोरच्या माणसाचे दुःख आपण निवारू शकत नाही आणि तरीही त्याच्यापाशी बसून राहतो, हा अनुभव साहित्य फार पूर्वीपासून देत आले आहे. पर्यायांचा सुकाळ झाला की तो अनुभव विरळ होतो. कारण मग दुःख हे एक कोडे बनते आणि वाचक त्याचे अचूक उत्तर शोधू लागतो. मागे जाऊन दुसरा पर्याय दाबावा आणि पात्राला वाचवावे, अशी सोय असलेल्या कृतीत शोकांतिका टिकणे अवघड. या चार कृतींनी ती टिकवली आहे.

आक्षेप घेता येतील आणि ते घ्यायला हवेत. पहिला भावविवशतेचा. जपानी बाजारात वाचकाला हमखास रडवणाऱ्या कृतींचा एक वर्गच आहे. त्याला 'नाकिगे' म्हणतात. 'प्लॅनेटेरियन' त्याच कुळातली आहे आणि 'नार्सिसु'ही त्यापासून फार दूर नाही. संगीत कुठे उंचावते हे पाहिले की लेखकाचा हात दिसतो. दोन्हींत निवेदक पुरुष आहे आणि करुणेचा विषय स्त्री, किंवा स्त्रीरूप यंत्र. युमेमीची निरागसता थोडी सोयीची आहे, हे मी नाकारत नाही. सेत्सुमीला निदान राग येतो, ती थकते, खोटे बोलते. म्हणून लेखन म्हणून मी 'नार्सिसु'ला वरचे स्थान देईन. 'एलायझा'मध्ये हा तोल पुरता बदललेला आहे: तेथे पाहणारी, चुकणारी आणि ठरवणारी स्त्रीच आहे.

दुसरा आक्षेप या प्रकाराच्या संगतीचा. दृश्य-कादंबरीचा मोठा भाग जपानमध्ये प्रौढांसाठीच्या बाजारात वाढला, आणि पुष्कळ प्रसिद्ध कृती त्या खुणा अंगावर बाळगून आहेत. शिक्षकाने विद्यार्थ्यांना एखादी कृती सुचवण्याआधी ती स्वतः वाचावी, हे येथे नेहमीपेक्षा जास्त खरे आहे. वर सांगितलेल्या चार कृतींत कामुक दृश्ये नाहीत. मृत्यू आणि आत्मनाशाचे विचार मात्र आहेत, याची कल्पना देऊन ठेवावी.

तिसरा आक्षेप यादीवरच घेतला जाईल. २०१७ ची 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' का नाही? तिच्यात साहित्य-मंडळ आहे, चार मुली आहेत आणि शब्द निवडून कविता जुळवण्याचा खेळही आहे. माझे उत्तर असे, की तिची कल्पकता तिच्या लेखनाहून वरचढ आहे; धक्का ओसरल्यावर वाक्ये फारशी स्मरणात राहत नाहीत. २०१२ ची 'द हाउस इन फाता मॉर्गाना' मात्र लेखनाच्या दृष्टीने समर्थ आहे. केइका हानादा यांची ही कृती एका वाड्याच्या आश्रयाने अनेक शतकांतील शोकांतिका सांगते. तिचा आवाका मोठा आणि वाचनाचा काळही दीर्घ, म्हणून या चौघींनंतर तिच्याकडे वळावे.

राहिला प्रश्न भाषेचा, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. पहिल्या दोन कृती आपण इंग्रजीतून वाचणार. युमेमी ग्राहकाशी जपानी भाषेतील आत्यंतिक आदरार्थी रूपांत बोलते आणि तो तिला रांगड्या एकेरीत उत्तरे देतो. या दोन पातळ्यांमधले अंतर म्हणजे त्यांच्यातले नातेच होय. इंग्रजीच्या एकुलत्या सर्वनामात ते अंतर सपाट होते. मराठीत आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' आहे. 'आपण पंचवीस लाखावे ग्राहक आहात' हे वाक्य ओसाड शहरातल्या यंत्राच्या तोंडी घातले, की काही न सांगता सारे कळते. इंग्रजीत त्या माणसाला 'जंकर' म्हटले आहे. मूळ जपानी शब्दाला 'भंगारवाला' हा आपल्या गल्लीतला शब्द किती नेमका बसतो! 'नार्सिसु'ची तर गंमतच आहे: २००७ मध्ये तिची इंग्रजी आवृत्ती आली तेव्हा एकाच संचात दोन निरनिराळी भाषांतरे दिलेली होती आणि कोणते वाचायचे ते वाचकाने ठरवायचे होते. भाषांतर शिकवणाऱ्याला याहून सोयीचे पाठ्यसाहित्य मिळणे कठीण. दोन्ही भाषांतरांतील एखादा प्रसंग समोर ठेवावा आणि विद्यार्थ्यांना मराठीत तिसरे करायला सांगावे. 'तू' कुठे म्हणायचे आणि 'तुम्ही' कुठे, दोन अनोळखी मरणोन्मुख माणसे कोणत्या वाक्यापाशी एकेरीवर येतील, यावर वर्गात भांडण व्हावे. असे भांडण होणे म्हणजेच ती संहिता वाचली जाणे.

सुरुवात कुणी कुठून करावी? पत्रव्यवहाराच्या कादंबरीत रस असलेल्याने 'डिजिटल'पासून. ती एका दुपारी वाचून होते. नाटकाच्या अभ्यासकाने 'प्लॅनेटेरियन'पासून, कारण ती मनाने दोनपात्री एकांकिकाच आहे. आजच्या जगाविषयी ज्याला काही म्हणायचे आहे त्याने 'एलायझा'पासून. 'नार्सिसु' सर्वांनी शेवटी वाचावी, आणि शक्यतो एकट्याने.

विद्यार्थी वाचत नाहीत, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत नित्याची आहे. त्यांतले काही जण रात्री पडद्यापुढे बसून अशा कृतींची हजारो वाक्ये, एकेक करून, वाचत असतात. ते त्याला वाचन म्हणत नाहीत, कारण तसे म्हणता येते हे आपण त्यांना कधी सांगितलेले नाही. परिणामी चांगले कोणते आणि नुसते रडवणारे कोणते, हे पारखण्याची जी साधने आपल्याकडे आहेत ती त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि गोष्टीशी हुंकाऱ्याने जोडले जाण्याचा त्यांचा जो अनुभव आहे तो आपल्यापर्यंत येत नाही. यात तोटा दोघांचाही आहे. त्यांनी काय वाचले ते एकदा त्यांना सांगू द्यावे. आपण मध्ये न बोलता 'हूं' म्हणावे.